आकड्यांवरून परका ग्रह कसा रंगवायचा: ट्रॅपिस्ट-१ ई हाताशी धरून

माझं पहिलं बाह्यग्रहाचं, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचं, वर्णन मी मोठ्या अभिमानानं चार जणांना वाचून दाखवलं होतं. त्यात डोंगर होते, दऱ्या होत्या, जांभळट झाडी होती. सगळं ऐकून झाल्यावर एकीनं एवढंच विचारलं, "वस्तुमान ०.७ म्हणालास, ते पृथ्वीच्या की गुरूच्या?" तक्ता पुन्हा उघडला. गुरूच्या. म्हणजे पृथ्वीच्या २२० पट वस्तुमानाचा वायूचा गोळा, आणि त्यावर मी झुळझुळ ओढे वाहवले होते.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. ग्रहाबद्दलचं प्रत्येक विधान तीनपैकी एका खात्यात टाकायचं: मोजलेलं, काढलेलं आणि मानलेलं. दुर्बिणीनं थेट दिलं ते मोजलेलं. त्यावरून गणितानं आलं ते काढलेलं. उरलेलं सगळं मानलेलं, आणि ते हवं तेवढं रंगवा, फक्त ते मानलेलं आहे याचा स्वतःला विसर पडू देऊ नका. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन खात्यांभोवतीच फिरतात. गणित शाळेतलं पुरतं.

पायरी १: ग्रह निवडताना दोन आकडे बघा

आजवर ६,००० हून जास्त बाह्यग्रहांची खात्री पटली आहे, पण वर्णनाला सगळेच उपयोगी नाहीत. त्रिज्या आणि वस्तुमान, दोन्ही मोजलेली असतील असाच ग्रह पहिल्यांदा घ्या. केप्लर-१८६ एफ हा २०१४ साली जाहीर झालेला ग्रह चित्रकारांचा फार लाडका. आकार जवळपास पृथ्वीएवढा, पण त्याचं वस्तुमान कुणी मोजलेलं नाही. मग तो खडकाचा की पाण्यानं फुगलेला, हे सांगणार कशावरून? उलट आपल्या सर्वांत जवळच्या ताऱ्याभोवतीचा प्रॉक्सिमा बी. त्याच्या वस्तुमानाचा आकडा आहे, त्रिज्येचा नाही. आणि वस्तुमानाचा जो आहे तोही 'कमीत कमी एवढं' या अर्थाचा.

आपण इथे ट्रॅपिस्ट-१ ई घेऊ. कुंभ राशीच्या दिशेला, सुमारे ४०.७ प्रकाशवर्षांवर एक मिणमिणता लाल बटू तारा आहे आणि त्याच्याभोवती सात ग्रह फिरतात. पहिल्या ग्रहांची बातमी २०१६ मध्ये आली, पूर्ण सात जणांची फेब्रुवारी २०१७ मध्ये. सातही जणांची त्रिज्या आणि वस्तुमान इतक्या बारकाईनं मोजलेलं आहे की नवख्यानं हात बसवायला याहून चांगली जागा नाही.

नावाचं कोडं एका वाक्यात: ताऱ्याच्या नावापुढे सापडण्याच्या क्रमानं बी, सी, डी अशी अक्षरं लागतात. 'ए' हे खुद्द ताऱ्याचं मानलं जातं, म्हणून ए नावाचा ग्रह शोधत बसू नका.

पायरी २: तक्ता वाचा, सावकाश

नासाच्या एक्सोप्लॅनेट अर्काइव्हमध्ये ग्रहाचं नाव टाकलं की एकाच ग्रहाच्या अनेक ओळी समोर येतात. नवा माणूस इथेच बावचळतो. प्रत्येक ओळ म्हणजे एका शोधनिबंधातली मापं. त्रिज्या एका ओळीतून आणि वस्तुमान दुसऱ्या ओळीतून उचलू नका. एकच ओळ धरा आणि शेवटपर्यंत तीच चालवा.

आपल्या ग्रहाची ओळ अशी आहे. त्रिज्या पृथ्वीच्या ०.९२० पट. वस्तुमान पृथ्वीच्या ०.६९२ पट, त्यात अधिक-उणे ०.०२२. वर्ष ६.१ दिवसांचं. ताऱ्यापासूनचं अंतर ०.०२९३ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), म्हणजे जेमतेम ४४ लाख किलोमीटर. ताऱ्याकडून मिळणारी ऊर्जा पृथ्वीला मिळते तिच्या ०.६५ पट.

एकक वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवायचा नाही, हे मी का सांगतोय ते वर आलंच आहे. गुरूची त्रिज्या पृथ्वीच्या ११.२ पट आणि वस्तुमान ३१८ पट. तक्त्यात दोन्हींचे रकाने शेजारी शेजारी असतात, आणि घाईत डोळा नेमका चुकीच्या रकान्यावर पडतो.

अधिक-उण्याचा आकडाही उतरवा. तो लहान असेल तर ठासून लिहा. ३० टक्क्यांचा असेल तर वर्णनातही तेवढी ढिलाई ठेवा.

पायरी ३: हे मोजलं कसं, ते समजून घ्या

इथे थोडं थांबू, कारण खरी गंमत इथेच आहे. हा ग्रह कुणीही पाहिलेला नाही. पाहिलाय तो ताऱ्याचा उजेड, आणि दर ६.१ दिवसांनी त्यात पडणारी बारीकशी खळी. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा तासाभरापेक्षा थोड्या कमी वेळासाठी उजेड साधारण अर्ध्या टक्क्यानं उतरतो. यालाच अधिक्रमण म्हणतात.

अर्धा टक्का कुठून आला, हे एकदा स्वतः करून बघा. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.११९ पट, म्हणजे सुमारे ८३,००० किलोमीटर. ग्रहाची सुमारे ५,८६०. भागाकार केला की ०.०७ येतो आणि त्याचा वर्ग ०.००५. झाला अर्धा टक्का. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर उजेड ०.०१ टक्कासुद्धा कमी होत नाही. छोट्या ताऱ्यांभोवतीचे छोटे ग्रह आधी हाती लागतात ते यामुळे.

या हिशेबात एक मेख आहे. दुर्बीण देते तो फक्त भागाकार: ग्रह ताऱ्याच्या किती पट. ग्रहाचे किलोमीटर काढायला ताऱ्याचे किलोमीटर ठाऊक असावे लागतात. उद्या ताऱ्याची त्रिज्या पाच टक्क्यांनी वाढवली, तर ग्रहही बसल्या जागी पाच टक्के फुगतो. म्हणून ग्रहाचा तक्ता वाचताना ताऱ्याचाही वाचायचा.

वस्तुमान बहुतेक ग्रहांचं, त्यांच्या ओढीनं तारा किती डुलतो यावरून काढतात. १९९५ मध्ये ५१ पेगासी बी सापडला तो याच रीतीनं, आणि त्याबद्दल मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. ट्रॅपिस्टची तऱ्हा निराळी. त्याचे सात ग्रह एकमेकांना इतके खेटून फिरतात की एकमेकांना सतत ओढत राहतात. त्यामुळे अधिक्रमण कधी थोडं लवकर होतं, कधी उशिरा. त्या वेळेच्या पुढेमागे होण्यावरून कोण किती जड ते निघालं. बसमध्ये शेजाऱ्याचा धक्का किती जोरात लागला यावरून त्याचं वजन ओळखावं, तसला प्रकार.

पायरी ४: दोन भागाकार

आता पहिलं 'काढलेलं'. पृष्ठभागावरचं गुरुत्व म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग. ०.६९२ भागिले ०.८४६, उत्तर ०.८२. म्हणजे ६० किलोच्या माणसाला आपण ४९ किलोचे झाल्यासारखं वाटेल. वीस मीटर उंचीवरून सोडलेला दगड इथे दोन सेकंदांत खाली येतो, तिथे सव्वादोन. फरक जाणवेल, पण चंद्रावरच्यासारख्या उड्या मारता येणार नाहीत.

घनता म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन. ०.६९२ भागिले ०.७७९, म्हणजे पृथ्वीच्या ०.८९ पट, सुमारे ४.९ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. ग्रह खडकाळ आहे, हे इथे पक्कं होतं. पृथ्वीपेक्षा घनता किंचित कमी का, याला मात्र अनेक उत्तरं बसतात: लोखंडाचा गाभा लहान असेल, किंवा वर थोडं पाणी असेल. यातलं कुठलं घ्यायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि ठरवलं की ते थेट तिसऱ्या खात्यात जातं.

पायरी ५: ताऱ्याचा उजेड ठरवा

'लाल बटू' हे नाव ऐकून लोक आकाश रक्ताळून टाकतात. ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान बघा: सुमारे २,५७० केल्विन. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बमधली तार साधारण २,७०० केल्विनला पेटलेली असायची. म्हणजे या ताऱ्याचा उजेड त्या बल्बसारखा, थोडा अधिक नारिंगी. बल्बच्या उजेडात बसून आपण कधी 'खोली लाल झाली' म्हटलं नाही. डोळा पाच मिनिटांत सरावतो. निळ्या वस्तू मळकट दिसतील आणि पांढरा कागद सायीसारखा, इतकंच.

उजेड किती, हा वेगळा प्रश्न. ऊर्जा पृथ्वीच्या ०.६५ पट असली तरी तिचा बहुतेक भाग अवरक्त आहे, डोळ्याला न दिसणारा. त्यामुळे भर 'दुपारी' उजेड ढगाळ दिवसासारखा आणि चेहऱ्यावर ऊब मात्र बऱ्यापैकी उन्हाची. हा विसंवाद वर्णनात फार कामी येतो, कारण वाचकानं तो कधी अनुभवलेला नसतो पण कळतो लगेच.

तारा केवढा दिसेल? व्यास भागिले अंतर: १,६६,००० भागिले ४४ लाख, त्याला ५७.३ नं गुणा. उत्तर २.२ अंश. आपला सूर्य अर्ध्या अंशाचा, म्हणजे तिथला तारा चौपट रुंद.

पायरी ६: तापमानाच्या रकान्यावर विश्वास टाकू नका

तक्त्यात 'समतोल तापमान' सुमारे २५० केल्विन दिसेल, म्हणजे उणे २३ अंश सेल्सियस. ते वाचून लगेच बर्फ पसरवू नका. ग्रह मिळालेली सगळी ऊर्जा पिऊन सारखी परत टाकतो आणि त्याला हवाच नाही, असं मानून केलेला हा हिशेब आहे. परावर्तन धरून पृथ्वीचा असाच हिशेब केला तर उणे १८ येतात, आणि प्रत्यक्षात सरासरी आहे १५ अंश. शुक्राची तर कमालच. तो इतका चकचकीत आहे की त्याचं समतोल तापमान उणे ४० च्याही खाली जातं, आणि जमिनीवर आहेत ४६४ अंश! फरक सगळा हवेचा.

'वासयोग्य पट्टा' या शब्दाबद्दलही तेच. त्याचा अर्थ एवढाच की योग्य ती हवा असती तर पाणी द्रवरूपात टिकू शकलं असतं. ई हा ग्रह त्या पट्ट्यात येतो. माझ्या मते या शब्दानं जितकी गैरसमजूत पसरवली तितकी दुसऱ्या कुठल्याच शब्दानं पसरवली नसेल.

पायरी ७: आकाश रचा

नवे लिहिणारे जमिनीवर पानंच्या पानं खर्च करतात, आणि जमिनीबद्दल तर आपल्याला जवळपास काहीच माहीत नसतं. आकाश मात्र गणितानं काढता येतं, अगदी पैजेवर सांगण्याइतकं. मी तरी वर्णनाची निम्मी जागा आकाशालाच देतो.

इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाला तारा भरती-ओहोटीच्या ओढीनं बांधून टाकतो. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, तशी ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. हे ई बाबत थेट पाहिलेलं नाही, पण जवळजवळ सगळे तसंच धरतात. मग तारा आकाशात एका जागी खिळलेला राहतो. उगवणं नाही, मावळणं नाही. कक्षा जवळपास गोल असल्यानं त्याचा आकारही बदलत नाही. रात्रीच्या बाजूचे तारे मात्र ६.१ दिवसांत एक फेरी मारतात.

आता शेजारी. बाहेरचा एफ ग्रह सर्वांत जवळ येतो तेव्हा सुमारे १४ लाख किलोमीटरवर असतो. त्याचा व्यास १३,३०० किलोमीटर, म्हणजे तो ०.५५ अंशाचा दिसतो: आपल्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा कणभर मोठा. तो जवळ असतो तेव्हा ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो, म्हणून दिसतो तो रात्रीच्या बाजूला, पूर्ण उजळलेला. असं दर १८ दिवसांनी घडतं. तो चंद्राएवढा असला तरी चंद्राइतका उजळ नसावा, कारण त्याच्यावर पडणारा उजेडच मुळात मिणमिणता.

आतला डी मात्र फसवा आहे. अंतर बघितलं तर तोही जवळ येतो आणि चंद्राएवढा होतो, पण नेमका तेव्हा तो आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये असतो, म्हणजे अमावास्येचा. तो नीट दिसतो ते ताऱ्यापासून जास्तीत जास्त, सुमारे ५० अंश, दूर गेल्यावर. तेव्हा तो अर्धा उजळलेला असतो आणि चंद्राच्या निम्म्याहूनही लहान. सातही ग्रह मोठमोठे होऊन एकदम आकाशात टांगलेली जी चित्रं फिरतात, ती काढणाऱ्यानं ग्रहांच्या कला (चंद्राच्या असतात तशा) तपासलेल्या नसतात.

पायरी ८: हवेबद्दल काय मानलं ते ठरवून टाका

जेम्स वेब दुर्बिणीनं सगळ्यांत आतल्या बी वर आणि नंतर सी वर नजर टाकली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत बी वर हवेचा मागमूस दिसला नाही आणि सी वरही शुक्रासारखी दाट हवा दिसली नाही. ई च्या पहिल्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले: हायड्रोजननं भरलेली आदिम हवा उरलेली नाही असं दिसतं, पण नायट्रोजनची हवा आहे की नुसता उघडा खडक, हे सुटलेलं नाही. ताऱ्यावरचे डाग सगळा वर्णपट गढूळ करतात.

म्हणजे दोन ग्रह लिहिता येतात. एक बोडका: काळं आकाश, आवाज नाही, दिवस-रात्रीच्या सीमेवर तापमानाचा कडा. दुसरा हवा आणि पाणी असलेला. दुसरा निवडणार असाल तर तसं पहिल्याच ओळीत सांगा आणि मग त्या गृहीताशी इमान राखा. हवा असलेल्या अशा ग्रहांच्या संगणकीय प्रारूपांत ताऱ्याच्या ऐन खाली दाट ढगांचं झाकण जमतं आणि जमिनीलगत गार वारा रात्रीकडून दिवसाकडे वाहतो. मग तिथे ऐन दुपारच्या जागी स्वच्छ आकाश रंगवायचं नाही.

पायरी ९: लिहा

पृथ्वीइतकी हवा आणि थोडं पाणी मानून मी लिहिलेला एक तुकडा:

"तारा कासराभर वर आलाय. म्हणजे आला वगैरे काही नाही. तो तिथंच असतो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की गाल तापतात आणि पाठ गोठते, कारण मागून, अंधाराकडून, गार वारा येतच राहतो. माझी सावली माझ्या पाचपट लांब. समोरच्या खडकाची सावली तर त्याहून जुनी: तिच्या आत हिम आहे, कडेला नेमकं जिथं ऊन सुरू होतं तिथं एक ओली रेघ. ही रेघ कधी हललेली नाही. वर, ताऱ्यापासून बऱ्याच उंचीवर, अर्धी उजळलेली एक बारीक चकती आहे. चार दिवसांनी ती ताऱ्याकडे खाली घसरेल. इथं वेळ सांगायला तेवढीच."

आता तपासणी. चकती (म्हणजे आतला डी), तिची कला आणि तिचं ताऱ्याकडे सरकणं: काढलेलं. सावली पाचपट: तारा दहा-अकरा अंश वर धरला की भूमितीतून आपोआप. वाऱ्याची दिशा प्रारूपांतून, म्हणजे अर्धं काढलेलं, अर्धं मानलेलं. हिम आणि ओली रेघ पूर्ण मानलेली. पण सावली हलत नाही या काढलेल्या गोष्टीवर ती टेकलेली आहे, म्हणून पटते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'पहाटे' असा शब्द होता. तो खोडला. खिळलेल्या ताऱ्याखाली पहाट होत नाही. असे शब्द लेखणीतून नकळत उतरतात: सकाळ, काल, ऋतू, पौर्णिमा. लिहून झाल्यावर फक्त त्यांच्यासाठी एकदा मजकूर चाळा.

पायरी १०: बातमीतल्या विशेषणांना गाळणी लावा

५५ कँक्री ई ला २०१२ मध्ये 'हिऱ्यांचा ग्रह' म्हटलं गेलं. तो तर्क ताऱ्यात कार्बन भरपूर आहे यावर उभा होता; पुढच्या मोजणीत कार्बन तितका निघाला नाही आणि हिरे विरघळले. एचडी १८९७३३ बी वरचा 'काचेचा पाऊस' असाच. तो ग्रह निळा आहे हे हबलनं २०१३ मध्ये खरोखर मोजलं, तिथे प्रचंड वारे आहेत हेही मोजलेलं. सिलिकेटच्या कणांची काच होऊन ती आडवी बरसते, हे मात्र त्यावर चढवलेलं कलम. छान आहे, वापरा, पण कुठल्या खात्यातलं आहे ते ठाऊक ठेवून.

सरावासाठी एक हिशेब देतो. ट्रॅपिस्टवरून आपला सूर्य उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा, ५.३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) तारा आहे, सिंह राशीच्या दिशेला. आता ई ची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, आणि अधिक्रमणाच्या वेळी तो आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये येतो. त्या क्षणी ग्रहाची कुठली बाजू आपल्याकडे असते? रात्रीची. म्हणजे आपल्या दुर्बिणीत ती अर्ध्या टक्क्याची खळी ज्या उजेडात उमटते, तो तिथून निघाला त्या तासात अंधाऱ्या बाजूच्या ऐन मध्यावर उभ्या असलेल्या कुणाच्याही बरोबर डोक्यावर, एका फिकट ठिपक्याएवढा, आपला सूर्य असतो. दर ६.१ दिवसांनी. तिथून पुढचा परिच्छेद तुम्ही लिहा.